प्रकल्प नोंदी : चारशे मेगाहर्ट्झवर अडकलेले लॅपटॉप

११ मार्च २०२४, सोमवार

अकोल्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या इतिवृत्तांचं आणि दाखलनोंदींचं स्कॅनिंग संपत आलंय. आता ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातला मजकूर संगणकाकडून अक्षरांत उतरवून घेणं. त्यासाठी एका कार्यालयाने काढून टाकलेल्या लॅपटॉपचा लॉट मिळालाय. सगळे एकाच मॉडेलचे: इंटेल कोअर आय-५ ८२५०यू, ८ जीबी रॅम, एसएसडी. सगळ्यांवर एकच इमेज टाकली आहे, डेबियन १२ लिनक्स, त्याचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ भाग) ६.१, ओसीआर करणारा टेसरॅक्ट आणि त्याचं मराठी मॉडेल.

तक्रार अशी की यातली काही मशीन काम झपाट्याने उरकतात आणि काही नुसती रांगतात. स्वयंसेवक मुलांनी रांगणाऱ्या मशीनवर लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे. त्यांच्या मते 'लिनक्सचा पॉवर मॅनेजमेंट खराब आहे'. असेलही, पण आधी मोजू.

मोजायच्या आधी टेसरॅक्टची एक खोड मोडली. तो स्वतःच ओपनएमपीचे धागे, म्हणजे समांतर चालणारे कामाचे तुकडे, उघडतो, आणि आम्ही वर त्याच्या चार प्रती एकाच वेळी चालवतो. सगळे धागे एकमेकांच्या पायात येतात. ओएमपी_थ्रेड_लिमिट हा चल १ केला आणि चार प्रती समांतर ठेवल्या. चांगल्या मशीनवर तेवढ्यानेच फरक दिसला. मग सगळीकडे तीच पन्नास पानं चालवली. चांगल्या मशीनवर सात मिनिटांच्या आसपास, लाल पट्टीवाल्यावर पाऊण तास. म्हणजे तफावत साधारण सहापट. एसएसडी किंवा रॅममुळे एवढी सरळ सहापट पडत नाही. हे क्लॉकचंच, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचंच, लक्षण वाटतं.

१२ मार्च, मंगळवार

लाल पट्टीवालं एक मशीन टेबलावर घेतलं. ऑपरेटिंग सिस्टीम काय म्हणते ते आधी पाहिलं. वेग सांभाळणारा ड्रायव्हर इंटेल_पीस्टेट, वेग ठरवण्याचं धोरण म्हणजे गव्हर्नर पॉवरसेव्ह, किमान ४०० मेगाहर्ट्झ, कमाल ३४००. चांगल्या मशीनवरही अक्षर न् अक्षर हेच.

'पॉवरसेव्ह' हे नाव पाहून मुलांनी लगेच सगळीकडे परफॉर्मन्स लावलं.
"सर, परफॉर्मन्स लावलं तरी तसूभर हलत नाही," त्यातला एक म्हणाला.
"हलणार नाही रे. इथला पॉवरसेव्ह तो नाहीच."

हा गोंधळ जुना आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. लिनक्सच्या मूळ सीपीयूफ्रेक व्यवस्थेत पॉवरसेव्ह म्हणजे सर्वात खालच्या वेगाला खिळून बसणं आणि परफॉर्मन्स म्हणजे सर्वात वरच्या वेगाला. मधल्या चालीसाठी ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह आणि २०१६ मध्ये कर्नल ४.७ पासून आलेला स्केडयुटिल. पण २०१३ मध्ये कर्नल ३.९ मध्ये इंटेल_पीस्टेट आला आणि त्याने सक्रिय पद्धतीत फक्त दोन नावं ठेवली, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथला पॉवरसेव्ह भाराप्रमाणे वरखाली होतो, गरज पडली की टर्बोपर्यंत, म्हणजे नेहमीच्या वेगाच्याही वर, जातो. त्यातही स्कायलेकपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये एचडब्ल्यूपी आहे, म्हणजे वेग निवडण्याचं काम प्रोसेसर स्वतः करतो. कर्नल फक्त किमान, कमाल आणि कल सांगतो. त्यामुळे 'गव्हर्नर बदला' हा सर्वत्र मिळणारा सल्ला या मशीनवर बहुतेक वेळा निरुपयोगी असतो.

परफॉर्मन्स काढून पुन्हा पॉवरसेव्ह केलं, चार प्रती चालू केल्या आणि टर्बोस्टॅट उघडलं. हे साधन कर्नलच्या सोर्ससोबतच येतं. ते एपर्फ आणि एमपर्फ या दोन मोजण्यांच्या गुणोत्तरावरून वेग काढतं, त्यामुळे गाभा (प्रोसेसरचा एक कोअर) प्रत्यक्षात किती धावला ते कळतं. आकडे:

लाल पट्टी: व्यस्तता ९९ टक्क्यांच्या वर, वेग ३९८ मेगाहर्ट्झ, तापमान ४८ अंश, पूर्ण पॅकेजची वीज साडेतीन वॉटच्या आत.
चांगलं मशीन: व्यस्तता तेवढीच, वेग २४०० च्या आसपास, तापमान ८१ अंश, वीज १५ वॉट.

चारही गाभे कामाने भरलेले, आणि प्रोसेसर साडेतीन वॉट खातोय. गरम नाही, विजेच्या मर्यादेच्या जवळपासही नाही. कर्नल कमाल ३४०० मागतोय. तरी कोणीतरी ४०० वर दाबून धरलंय.

१३ मार्च, बुधवार

आज फक्त 'कोण धरतंय' एवढंच शोधायचं ठरवलं. सेटिंग एकही बदलायची नाही.

कर्नल लॉगमध्ये एक ओळ नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) प्रत्येक गाभ्याच्या थर्मल_थ्रॉटल फोल्डरमध्ये मोजण्या असतात, कोअर_थ्रॉटल_काउंट आणि पॅकेज_थ्रॉटल_काउंट. दोन्ही शून्य. म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या तापमानामुळे हे होत नाही.

मग एमएसआर मॉड्यूल लोड करून थेट प्रोसेसरची रजिस्टर (एमएसआर), म्हणजे त्याच्या आतल्या नोंदींच्या जागा, वाचली. हेक्स १९सी हे गाभ्याच्या तापस्थितीचं रजिस्टर. आलं: ८८३४०००सी.

वाचायची रीत मुलांसाठी लिहून ठेवतो. शेवटचा हेक्स अंक 'सी', म्हणजे बिट २ आणि बिट ३ चढलेले. बिट ० हा प्रोसेसरच्या स्वतःच्या तापमानाचा, तो खाली आहे. बिट २ सांगतो की प्रॉकहॉट ही प्रोसेसरला वेग कमी करायला लावणारी तार आत्ता बाहेरून ओढली गेली आहे, बिट ३ सांगतो की मधे कधीतरी ओढली गेली होती. मधलं '३४' म्हणजे दशमानात ५२, हा कमाल तापमानापासूनचा फरक. या चिपची मर्यादा १०० अंश, म्हणजे तापमान ४८. टर्बोस्टॅटच्या आकड्याशी जुळलं.

एक सावधगिरी: 'आत्ता' आणि 'कधीतरी' हे दोन वेगळे बिट आहेत. 'कधीतरी'चा बिट एकदा चढला की आपण तिथे शून्य लिहीपर्यंत किंवा मशीन रीसेट होईपर्यंत चढलेलाच राहतो. तो पाहून मशीनला दोष द्यायचा नाही.

पडताळा म्हणून हेक्स ६४एफ वाचलं. या पिढीत वेग का रोखला आहे त्याची कारणं त्यात असतात: बिट ० प्रॉकहॉट, बिट १ तापमान, बिट १० आणि ११ विजेच्या दीर्घ आणि अल्प मर्यादा. फक्त बिट ० चढलेला. बाकी लाल पट्टीवाल्या मशीनवरही, दोन वगळता, हेच. ती दोन बाजूला ठेवली, त्यांचा आजार निराळा दिसतो.

१५ मार्च, शुक्रवार

प्रॉकहॉट ही प्रोसेसरची एक पिन आहे. मुळात ती प्रोसेसरने बाहेर ओरडून सांगायची, 'मी तापलोय.' पुढे ती दुतर्फी झाली. मदरबोर्डवरचा कंट्रोलरही ती खाली ओढू शकतो, आणि मग प्रोसेसर कारण न विचारता किमान वेगाला जातो. व्होल्टेज रेग्युलेटर तापला, बॅटरी ढासळली, अडॅप्टर ओळखू आला नाही, कुठला सेन्सर तुटला, अशा कोणत्याही कारणाने बोर्ड ही तार ओढतो. ऑपरेटिंग सिस्टीमला कोणी कळवतही नाही.

अडॅप्टर काढला. मशीन बॅटरीवर गेलं आणि दोन सेकंदांत वेग ४०० वरून ३००० च्या पुढे. पुन्हा लावला, पुन्हा ४००. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चार दिवस सगळे कर्नलला शिव्या घालत होते.

या लॅपटॉपच्या चार्जिंग जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन आहे. अडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते आणि त्या पिनेवरून ती मशीनला सांगते, 'मी ६५ वॉटचा आहे.' ही ओळख पटली नाही तर बोर्ड धरून चालतो की अडॅप्टर कमी ताकदीचा असेल. मग बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा गळा आवळतो. लॉटसोबत अडॅप्टर आले ते सरमिसळ. काही मूळचे, काही बाजारातले 'कंपॅटिबल'. मशीन चालू होताना बायोस पडद्यावर इंग्रजीत सांगतो की अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही, पुढे जायला कळ दाबा. मुलं रोज निमूटपणे कळ दाबत होती, कारण चालू झाल्याशी मतलब.

मूळचे अडॅप्टर अदलाबदल करून पाहिले. बहुतेक मशीन लगेच सुटली. काहींना मूळचा अडॅप्टर लावूनही ४०० च.

१८ मार्च, सोमवार

उरलेली मशीन उघडली. चार्जिंग जॅक या मॉडेलमध्ये बोर्डाला सोल्डर केलेला नाही, छोट्या केबलने येतो, हे नशीब. दोन ठिकाणी मधल्या पिनेची तार जॅकच्या मुळाशी तुटलेली. मल्टिमीटरने सलगता तपासली की कळतं. एकात अडॅप्टरच्या टोकातलीच पिन वाकून आत गेली होती. टिळक रोडवरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून केबलसकट जॅक आणून बदलले. काकांचं मत असं की वायर टेबलाच्या कडेवरून लोंबकळू देता आणि मग लॅपटॉप ओढता, दुसरं काय होणार. बरोबर आहे.

एका मशीनमध्ये बॅटरीच पूर्ण मेलेली, फुगायला लागलेली. काढून टाकली. बॅटरी नसताना हे मॉडेल टर्बो पूर्ण देत नाही. अडॅप्टरवर अचानक भार वाढला तर तो झेलायला मागे बॅटरी नसते, हे त्यामागचं कारण. त्या मशीनला स्कॅन केलेली पानं कापण्याचं काम दिलं.

२० मार्च, बुधवार

नोंद करायला हवी असा वाद. एका मुलाने रात्री शोधून काढलं की हेक्स १एफसी या रजिस्टरचा बिट ० शून्य केला की प्रोसेसर बाहेरून ओढलेल्या प्रॉकहॉटकडे दुर्लक्ष करतो. एक ओळ लिहिली आणि कंपॅटिबल अडॅप्टरवरही मशीन पळायला लागलं. साहजिकच सर्वांचा प्रश्न: मग अडॅप्टर कशाला विकत घ्यायचे?

माझं मत ठाम आहे, आणि मी ते त्यांच्यासमोर मांडलं. प्रोसेसरचं स्वतःचं तापसंरक्षण या बिटमुळे जात नाही हे खरं. १०० अंशाला तो स्वतःला आवरतोच. पण बोर्डाची तक्रार वेगळी असते. अडॅप्टर ४५ वॉटचा असेल आणि मशीन त्यातून ६० ओढत असेल तर तापतो तो अडॅप्टर. आमच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाळीसच्या वर जातं, वायरींचं जाळं कागदांच्या गठ्ठ्यांजवळून गेलेलं, आणि रात्री मशीन कोणी नसताना चालतात. व्होल्टेज रेग्युलेटर तापल्यावर येणारी हाकही याच तारेवरून येते, ती पण बंद होईल. वाचनालयाचे शंभर वर्षांचे कागद शेजारी ठेवून मी हे करणार नाही.

शिवाय ते टिकतही नाही. मशीन झोपून उठलं की रजिस्टर पूर्ववत. सिक्युअर बूट चालू असेल तर डेबियनचा कर्नल लॉकडाउनमध्ये असतो आणि एमएसआरवर लिहूच देत नाही, फक्त वाचू देतो. लॉकडाउन नसला तरी ५.९ पासून कर्नल अशा लिखाणाबद्दल लॉगमध्ये नाराजी नोंदवतो.

ठरलं असं: हा बिट फक्त निदानासाठी, दिवसा, माणूस समोर असताना. बिट शून्य केल्यावर मशीन पळालं तर दोष बोर्ड, जॅक, बॅटरी किंवा अडॅप्टरच्या बाजूला. नाही पळालं तर पुढे शोधायचं. ६५ वॉटचे मूळ अडॅप्टर मागवले.

२६ मार्च, मंगळवार

धुळवडीची सुट्टी संपवून आलो तर नवीन तक्रार. क्लॉक आता ४०० नाही, पण तेच मशीन एका दिवशी चपळ, दुसऱ्या दिवशी सुस्त. यात मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचाच हात निघाला.

इमेजमध्ये ग्नोम हा डेस्कटॉप आहे, त्यामुळे मेनूतून वीज-प्रोफाइल निवडू देणारा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन आपोआप आला. कोणीतरी, बहुधा बॅटरी टिकावी म्हणून, त्यात टीएलपी हे वीज वाचवणारं साधनही टाकलेलं. दोघेही एकाच फाइलवर लिहितात: एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स, थोडक्यात ईपीपी. एचडब्ल्यूपीला कल सांगायची जागा हीच. शब्दांमागे खाली आकडे असतात: परफॉर्मन्स म्हणजे ०, बॅलन्स_परफॉर्मन्स १२८, बॅलन्स_पॉवर १९२, पॉवर २५५. आकडा वाढेल तसा प्रोसेसर वर चढायला नाखूष.

कोपऱ्यातल्या मेनूतून कोणीतरी 'पॉवर सेव्हर' निवडलं की डीमन ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी चालू होतानाही तेच लावतो. इकडे टीएलपी अडॅप्टर लावल्या-काढल्याच्या घटनेवर आपलं लिहून जातो. मशीन चार्जर लावून सुरू केलं की एक उत्तर, सुरू करून मग चार्जर लावला की दुसरं. शेवटी लिहिणाऱ्याचं राज्य.

त्यात टीएलपीच्या कॉन्फिगरेशनमध्ये अडॅप्टरवर गव्हर्नर परफॉर्मन्स असं कोरलेलं. इंटेल_पीस्टेटचा नियम आहे की गव्हर्नर परफॉर्मन्स असताना ईपीपीही परफॉर्मन्सच राहणार. दुसरं काही लिहायला गेलात तर कर्नल 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून हात झटकतो. म्हणून डीमनच्या लॉगमध्ये चुकांची रांग, आणि मेनूतलं बटण दाबलं तरी काहीच बदलत नाही. 'बिझी' वाचून एकाने प्रोसेसरवर भार कमी करून पाहिला, आणि त्याची गल्लत समजण्यासारखी आहे. त्या संदेशाचा भाराशी काही संबंध नाही.

टीएलपी काढला. दोनांपैकी कोणताही एक चालला असता. मुलांना मेनूतून दिसणारं बटण सोपं पडतं म्हणून डीमन ठेवला. गव्हर्नर पॉवरसेव्ह, प्रोफाइल 'बॅलन्स्ड', ईपीपी बॅलन्स_परफॉर्मन्स. मुद्दाम ईपीपी परफॉर्मन्स करूनही पन्नास पानं चालवून पाहिली. वेळेत दखल घ्यावी असा फरक नाही, कारण पूर्ण भारात शेवटी १५ वॉटची मर्यादाच राज्य करते. रिकाम्या वेळात मात्र पंखा जास्त फिरतो. तेव्हा बॅलन्स_परफॉर्मन्सच बरं.

२ एप्रिल, मंगळवार

एएमडीची थोडी मशीन आली, रायझन ५ ५५००यू. यांची कथा लहान.

कर्नल ६.१ वर ड्रायव्हर एसीपीआय-सीपीयूफ्रेक. त्याला वेगाच्या तीनच पायऱ्या दिसतात, १४००, १७०० आणि २१००. ४००० पर्यंतचा टर्बो वेगळ्या बूस्ट फाइलमधून चालू-बंद होतो आणि वरच्या पायरीवर असताना हार्डवेअर तो स्वतः घेतं. मुलांनी '२१०० च्या वर जातच नाही' अशी तक्रार लिहून ठेवली होती, पण टर्बोस्टॅटमध्ये भाराखाली तीन हजारांच्या वर स्वच्छ दिसतं. कमाल म्हणून छापलेला आकडा टर्बो धरून नव्हता, एवढंच.

खरी अडचण हलक्या, तुटक कामात. पान कापणं, फिरवणं, पुढचं पान. तेव्हा तीन पायऱ्यांची चाल ठेचकाळते. एएमडीचा नवीन ड्रायव्हर एएमडी-पीस्टेट कर्नल ५.१७ मध्ये आला, ईपीपी वापरणारी सक्रिय पद्धत ६.३ मध्ये, आणि ६.५ पासून बऱ्याच मशीनवर ती आपोआप लागते. म्हणून डेबियनच्या बॅकपोर्ट्समधला, म्हणजे चालू आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसमधला, ६.६ टाकला. तरी एसीपीआय-सीपीयूफ्रेकच. लॉगमध्ये ओळ होती की ड्रायव्हर लोड करणं बंद ठेवलंय, विशिष्ट पद्धत देऊन बूट करा. ५५००यू नाव नवीन असलं तरी आतली रचना झेन २ ची आहे. तिच्यात कर्नलशी बोलणं स्वतंत्र रजिस्टरमधून होत नाही, मेमरीतल्या सामायिक जागेतून होतं, आणि या कर्नलमध्ये अशा रचनेला ड्रायव्हर आपणहून हात लावत नाही. ग्रबमध्ये (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) कर्नलच्या ओळीत एएमडी_पीस्टेट=ॲक्टिव्ह लिहिलं, ग्रब अद्ययावत केलं, बूट. आता ड्रायव्हर एएमडी-पीस्टेट-ईपीपी.

ओसीआरच्या वेळेत फरक जवळजवळ नाही, आणि तो असणारही नव्हता. पानं कापण्याच्या खिडकीत मात्र हाताला जाणवतो. एक मशीन मात्र हटून बसलं: कर्नल म्हणतो बायोसमध्ये _सीपीसी ही वस्तूच नाही. वेगाची भाषा शिकवणारी तक्ता-नोंदच फर्मवेअरने दिली नाही तर ड्रायव्हर काय करणार. बायोसमध्ये ही नोंद चालू करणारा सीपीपीसीचा पर्याय शोधला, मेनूत नाही. त्याला जुन्या ड्रायव्हरवर, बूस्ट चालू ठेवून सोडलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

१३ मार्चला बाजूला ठेवलेली ती दोन इंटेल मशीन. आता त्यांच्या सोबतीला आणखी काही आली, कारण ऊन.

लक्षण वेगळं. सुरुवातीला ३४०० च्या जवळ, अर्ध्या मिनिटात २४०० वर, इथवर ठीक. इंटेलची विजेची दुहेरी मर्यादा अशीच असते: थोडा वेळ जास्त वॉट, मग दीर्घ मर्यादा, इथे १५. पण मग काही मिनिटांत १३०० च्या खाली घसरण. तापमान ९७ ते ९९, कोअर_थ्रॉटल_काउंट दर सेकंदाला वाढतोय, ६४एफमध्ये बिट १. हा प्रामाणिक तापमानाचा त्रास. कर्नल लॉगमध्येही स्पष्ट लिहून येतं.

उघडल्यावर ब्लोअर आणि तांब्याच्या जाळीमध्ये धुळीचा नमदा बसलेला. थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी. साफ केलं, पेस्ट बदलली, त्याच कामावर ८५ अंश आणि २३०० च्या आसपास. सकाळी. दुपारी तीनला खोलीत ३९ अंश असताना तेच मशीन ९३ ला पोचतं. बाहेरची हवा जेवढी वर जाते तेवढंच आतलंही वर सरकतं, यात सेटिंगला फारसं करण्यासारखं काही नाही.

मुलांनी लॅपटॉप थेट कूलरसमोर मांडले होते. तापमान उतरलं खरं, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारे बारीक तुषार कीबोर्डवर दिसत होते. तिथून हलवले. दुपारी बारा ते पाच ओसीआर बंद, रात्री आठनंतर सुरू, अशी सिस्टमडीची टायमर फाइल लिहिली. दुपारी त्या वेळात तपासनीस मंडळी मजकूर वाचून दुरुस्त करतात. त्याला ८०० मेगाहर्ट्झही पुरतात.

ज्या एका मशीनचा पंखा पूर्ण वेगाने फिरत नाही, त्याची दीर्घ मर्यादा कर्नलच्या पॉवरकॅप या वीजमर्यादेच्या सोयीतून १० वॉटवर आणली. तिथे दोन नोंदी दिसतात, इंटेल-रॅपल आणि इंटेल-रॅपल-एमएमआयओ; दोन्हींत जी कमी ती लागू होते. म्हणून मर्यादा खाली आणायला एक बदलली तरी चालते, वर न्यायला मात्र दोन्ही बदलाव्या लागतात. १० वॉटवर वेग थोडा कमी, पण सलग. घसरगुंडी-चढण बंद झाल्याने पन्नास पानांचा वेळ उलट सुधारला.

२७ एप्रिल, शनिवार

काल मतदान, खोली बंद. आज पानांचे फोटो काढणाऱ्या कॅमेरा-स्टँडवरच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाची पाळी. तो प्रत्येक फोटोनंतर ताटकळतो. वेग ६००, कमाल १५००. गव्हर्नर बदलून पाहायच्या आधी मुलांनी स्वतःच विचारलं, "याची प्रॉकहॉटची तार कुठली?" इतक्या दिवसांत ऐकलेला हा सर्वात चांगला प्रश्न.

पायवर व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही आज्ञा. उत्तर हेक्स ५०००५. बिट ० आत्ता व्होल्टेज कमी आहे, बिट २ आत्ता वेग दाबलेला आहे, आणि १६ व १८ हे त्याच दोघांचे 'कधीतरी' बिट. पायला ५ व्होल्ट लागतात; ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. लावलेला होता मोबाइलचा चार्जर आणि दीड मीटरची बारीक केबल. ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा योग्य अडॅप्टर लावल्यावर बिट ० आणि २ उतरले, रीबूटनंतर उत्तर शून्य. काम संपलं.

४ मे, शनिवार

तपासणीची स्क्रिप्ट सगळ्या मशीनवर टाकली. ती काही बदलत नाही, फक्त वाचते. ड्रायव्हर, गव्हर्नर, ईपीपी, मेनूतलं प्रोफाइल. मग अडॅप्टर लागलाय का आणि बॅटरी चार्ज होतेय का. मग दहा सेकंद सगळे गाभे भरून टर्बोस्टॅटचा वेग, तापमान आणि वॉट. शेवटी १९सी आणि ६४एफ. भार चालू असतानाच ही रजिस्टर वाचते, नाहीतर 'आत्ता'चे बिट रिकामे दिसतात. अडॅप्टर लागलेला पण बॅटरी अर्धी असूनही चार्ज होत नाही, एवढ्या एका ओळीवरूनच जॅकचा दोष बहुधा पकडता येतो. रजिस्टर वाचायचीही गरज पडत नाही.

गव्हर्नर बदलणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घालावी असा आग्रह होता. घातली नाही.

सध्याची स्थिती: लाल पट्ट्या निघाल्या, मेलेल्या बॅटरीचं मशीन सोडून. पन्नास पानं रात्री सगळीकडे सात ते आठ मिनिटांत. मागवलेल्या अडॅप्टरपैकी दोन यायचे आहेत, तोवर ती मशीन दिवसा बॅटरीवर आणि रात्री बंद. _सीपीसी नसलेल्या एएमडीसाठी बायोसची नवी आवृत्ती दिसते आहे, पण ती विंडोजमधूनच टाकता येते. पेनड्राइव्हवरून जमतं का ते सोमवारी पाहायचं. कर्नल बदलला की एएमडीच्या मशीनवर ग्रबची ओळ शाबूत आहे का ते स्क्रिप्टनेच सांगावं, हे तिच्यात अजून घालायचं आहे.